कॅन्ससच्या माळावरच्या अजब जागा: नव्याने आलेल्यांसाठी भटकंतीचा आराखडा

कॅन्सस सिटीच्या उपनगरांत नोकरीला किंवा लॉरेन्स, मॅनहॅटन, विचिटाला शिकायला आलेल्या मराठी माणसाची पहिली लांब सुट्टी बहुधा कोलोराडोत जाते. आय-७० हा हायवे धरायचा, गाडी क्रूझवर टाकायची आणि कॅन्सस कधी संपतंय याची वाट बघायची. सहा तास गहू, ज्वारी, पवनचक्क्या, मग पुन्हा गहू. होय, ज्वारी. देशात सगळ्यात जास्त ज्वारी याच राज्यात पिकते, पण ती भाकरीसाठी नसते, बहुतेक जनावरांसाठी असते. गाडीतून एवढंच दिसत असेल तर ‘इथे काही नाही’ असं मत होणारच. बघण्यासारखं जे आहे ते हायवे सोडून वीस-तीस मैल आत आहे आणि तिथे नेणाऱ्या पाट्या फार ठळक नसतात.

या राज्यातल्या बहुतेक अजब गोष्टी एखाद्या हट्टी माणसाने केलेल्या आहेत. तो गेल्यावर गावाने त्या टाकून दिल्या नाहीत, सांभाळल्या. म्हणून इथे फिरताना पहिला प्रश्न ‘काय बघायचं’ हा नसतो. ‘या जागेला आपण यायला हवे आहोत का’ हा असतो. काही गावं पाहुण्यांची वाट बघत बसलेली आहेत आणि काही गावं पाहुण्यांना कंटाळलेली आहेत. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

पायरी पहिली: हंगाम आणि गाडी

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, गवत तांबूस, दुपार सुसह्य. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम भागात उघड्यावर सावली नावाला नाही. हिवाळ्यात लहान गावातली संग्रहालयं आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात. आईबाबा भारतातून मे-जूनमध्ये येतात आणि त्यांना फिरवायचं तेव्हाच ठरतं. तो काळ चक्रीवादळांचा आहे, इथल्या भाषेत टोर्नेडोचा. घाबरून घरात बसू नका, पण दोन शब्द पक्के डोक्यात ठेवा. ‘वॉच’ म्हणजे वादळ होण्यासारखी हवा आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे ते दिसलंय किंवा रडारवर सापडलंय, आत्ताच्या आत्ता पक्क्या इमारतीच्या तळघरात किंवा आतल्या बिनखिडकीच्या खोलीत जा. हायवेच्या पुलाखाली गाडी लावून थांबणं धोक्याचं आहे, वारा तिथे अधिक जोराने घुसतो.

गाडी साधी सेदान चालते, एका अटीवर: पाऊस पडून गेला असेल तर पश्चिमेकडचे मातीचे रस्ते घेऊ नका. तिथली माती खडूची आहे, ओली झाली की चाकं जागच्या जागी फिरतात. ‘मिनिमम मेंटेनन्स रोड’ अशी पाटी दिसली तर पुढच्या रस्त्याची जबाबदारी कौंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने) जवळपास सोडलेली आहे असं समजा आणि वळा. भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचा. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, कारण पश्चिमेला सिग्नल मैलोनमैल जातो. दिलासा एवढाच की इथले ग्रामीण रस्ते मैल-मैल अंतरावर काटकोनात आखलेले आहेत. चुकलात तरी सरळ जात राहिलात की पुढचा रस्ता लागतोच.

कॅन्सस सिटीहून टोपीकाकडे जाणारा आय-७० चा भाग टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या रस्त्यावर आहे. २०२४ पासून तिथे रोख पैसे घेणं बंद झालंय. आपोआप टोल कापणारा के-टॅग नसेल तर गाडीच्या नंबरावरून बिल घरी येतं आणि ते टॅगवाल्यांपेक्षा महाग पडतं. अशा रस्त्यांवर वारंवार जाणार असाल तर टॅग घेऊन टाका.

आणि हो, समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो तुम्हाला ओळखत नाही. इथली ती राम राम म्हणायची पद्धत आहे, तुम्हीही उचला.

पायरी दुसरी: लिंड्सबर्गपासून सुरुवात

कॅन्सस सिटीहून तीन तासांवर, सलायनाच्या दक्षिणेला लिंड्सबर्ग आहे. १८६९ मध्ये स्वीडिश लोकांनी वसवलेलं हे गाव. रस्त्याच्या कडेने रंगवलेले लाकडी घोड्यांच्या घाटाचे मोठाले पुतळे उभे आहेत, स्वीडनच्या डालार्ना भागातल्या खेळण्याच्या धर्तीवरचे. ते बघत चहा-कॉफी उरका. गावापेक्षा मजा गावाबाहेरच्या टेकडीत आहे.

त्या टेकडीचं नाव कोरोनॅडो हाइट्स. १५४१ मध्ये फ्रान्सिस्को वास्केझ दे कोरोनॅडो हा स्पॅनिश सरदार सोन्याने मढलेलं क्विव्हिरा नगर शोधत मेक्सिकोहून इथवर आला. सापडल्या त्या विचिटा लोकांच्या गवताच्या झोपड्या. ज्याला स्पॅनिश लोक ‘तुर्क’ म्हणत त्या मूलनिवासी वाटाड्याने मुद्दाम भरकटवलं असं ठरवून त्याला गळा आवळून मारलं आणि फौज मागे वळली. कोरोनॅडो याच टेकडीवर उभा राहून हताश झाला, असं इथे सांगतात. याच टेकडीवर, याला पुरावा नाही. पुढे आसपास चिलखताच्या कड्या सापडल्या आणि कथेला धीर आला. वर जो दगडी किल्ला दिसतो तो बघून फसू नका. तो १९३६ मधला, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला. वरून सगळं खोरं दिसतं. संध्याकाळी चढा, वर गाडी जाते, वयस्कर मंडळींची अडचण होत नाही.

तिथून तासाभराच्या आत, मिनिआपोलिस नावाच्या छोट्या गावाजवळ (मिनेसोटातलं शहर वेगळं) रॉक सिटी आहे. दोन फुटबॉल मैदानांएवढ्या जागेत सुमारे दोनशे गोल दगड पडलेले आहेत, काही जवळजवळ नीट चेंडूसारखे. सगळ्यात मोठ्यांचा व्यास २७ फुटांपर्यंत जातो. राक्षसांनी गोट्या खेळल्या वगैरे मुलांना सांगायला ठीक आहे. प्रत्यक्षात वाळूच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने काही ठिकाणी वाळूचे कण घट्ट जोडले गेले आणि बाकीचा मऊ खडक नंतर झिजून गेला. प्रवेशशुल्क किरकोळ आहे, रोख नोटा जवळ ठेवा. अशा जागी कार्ड चालेलच असं नाही. दगडांवर चढायला मनाई नाही, पण उन्हात ते तापतात आणि फटींमध्ये साप असू शकतो, तेव्हा हात घालताना आधी बघा.

पायरी तिसरी: लुकसला अर्धा दिवस

एकाच जागी जायला वेळ असेल तर इथे जा. आय-७० वरून विल्सनला उतरायचं. उतरल्यावर चेक वसाहतकऱ्यांच्या आठवणीत रंगवलेलं वीस फुटी अंडं दिसेल, त्याचा एक फोटो काढा आणि उत्तरेकडे वळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणाचे खांब लाकडाचे नसून दगडाचे आहेत हे लक्षात येईल. झाडंच नव्हती, म्हणून शेतकऱ्यांनी जमिनीखालचा चुनखडक कापून खांब केले. हा थर जमिनीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. कितीतरी खांब अजून जागचे हललेले नाहीत.

लुकस चारशेच्या आतल्या वस्तीचं गाव. इथे सॅम्युएल पेरी डिन्समूर नावाचा यादवी युद्धात लढलेला, निवृत्त शाळामास्तर राहायचा. १९०७ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्याने घर बांधायला घेतलं. चुनखडकाचे लांब तुकडे ओंडक्यांसारखे कापून त्याने लाकडी घराच्या थाटाचं दगडी घर उभारलं. मग अंगणात सिमेंट ओतायला लागला आणि पुढची वीसेक वर्षं थांबलाच नाही. शंभर टनांहून जास्त सिमेंट त्यात गेलं. याला तो ‘ईडनची बाग’ म्हणायचा. आदम आहे, इव्ह आहे, साप आहे, केन आणि एबल आहेत, सगळे चाळीस फुटी सिमेंटच्या झाडांवर आणि खांबांवर. बायबल फार काळ चालत नाही. बाग पुढे सरकते तसे डिन्समूरचे राजकीय राग बाहेर येतात. एका कोपऱ्यात ‘श्रमा’ला क्रुसावर चढवलंय आणि चढवणारे आहेत वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि सावकार. गावातल्या त्या मंडळींना रोज जाता-येता हे दिसत असणार.

पण लोक येतात ते मागच्या कोपऱ्यातल्या समाधीसाठी. डिन्समूरने स्वतःची समाधी आधीच बांधून ठेवली होती. पहिली बायको वारल्यावर गावाने तिला त्या समाधीत ठेवायला नकार दिला. तिला दफनभूमीत पुरावं लागलं. नंतर त्याने तिला तिथून काढून आणलं आणि वर एवढं सिमेंट ओतलं की पुन्हा कोणी हलवू नये. ऐंशी ओलांडल्यावर त्याने आपल्या विशीतल्या चेक घरकामवालीशी लग्न केलं आणि त्यांना दोन मुलं झाली. १९३२ मध्ये तो गेला. काचेचं झाकण असलेल्या पेटीत तो आजही तिथे आहे. कुटुंबातल्या लोकांखेरीज कोणीही एक डॉलरपेक्षा कमी देऊन आपल्याला बघू नये अशी व्यवस्था त्याने स्वतःच लिहून ठेवली होती. मार्गदर्शक समाधीचं दार उघडतो, आत टॉर्च मारतो आणि चेहरा दिसतो. चेहरा आता चेहऱ्यासारखा राहिलेला नाही. लहान मुलं किंवा हळवं माणूस बरोबर असेल तर आत जाण्याआधी विचारून घ्या, बाहेर थांबता येतं.

कोणाला हे किळसवाणं वाटतं. मला विचाराल तर आपल्या मरणाचंही तिकीट लावणारा माणूस निदान ढोंगी नव्हता.

समोरच्या भागात ग्रासरूट्स आर्ट सेंटर आहे. कलाशाळा न पाहिलेल्या शेतकरी-कामगारांनी निवृत्तीनंतर डब्यांची झाकणं, दोऱ्या, गाड्यांचे भाग वापरून केलेल्या वस्तू तिथे आहेत. चुकवू नका. आणि त्याच रस्त्यावरचं सार्वजनिक स्वच्छतागृह नक्की वापरा. त्याला बोल प्लाझा म्हणतात. कमोडच्या आकाराचं बांधलेलं, आतून-बाहेरून गावकऱ्यांनी आणि पाहुण्यांनी काचेचे तुकडे, खेळणी, भांडी जडवून सजवलेलं. २०१२ मध्ये ते सुरू झालं. बाहेरचा कठडा म्हणजे गुंडाळी सुटलेला टॉयलेट पेपर आहे. प्रवासात स्वच्छ शौचालय मिळणं हीच मोठी गोष्ट असताना हे तर बघण्यासारखं आहे.

लुकसला जाण्याआधी बागेची आणि आर्ट सेंटरची वेळ फोन करून किंवा संकेतस्थळावर तपासा. हिवाळ्यात आणि सोमवारी वगैरे बंद दारासमोर उभं राहण्याची वेळ येते.

पायरी चौथी: सुतळी ओढा, मग तळ्याकडे बघा

लुकसहून उत्तरेला साधारण तासाभरावर कॉकर सिटी. इथे रस्त्याच्या कडेला, छपराखाली, सुतळीचा गोळा आहे. फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने १९५३ मध्ये गवताचे गठ्ठे सोडताना उरलेली सुतळी कोठारात पसरू नये म्हणून गुंडाळायला सुरुवात केली. घायपाताची सुतळी, आपल्याकडे दोरखंडाला वापरतात तीच जात. १९६१ मध्ये त्याने तो गोळा गावाला दिला. १९७४ मध्ये तो वारला तेव्हा गोळ्याचा व्यास अकरा फूट होता. मिनेसोटातल्या डार्विन गावात एका माणसाने एकट्याने गुंडाळलेला गोळा आहे आणि सगळ्यात मोठा कुणाचा यावरून वाद आहे. कॉकर सिटीने साधा उपाय काढला: गोळा थांबवायचाच नाही. दर ऑगस्टमध्ये गावकरी जमून सुतळी चढवतात. आता वजन नऊ टनांच्या पुढे गेलंय.

तुम्हालाही चढवता येते. तिथे लावलेल्या पाटीवर गोळा सांभाळणाऱ्यांशी संपर्क कसा करायचा ते असतं. कोणी मोकळं असेल तर सुतळीचं रीळ घेऊन येतं, तुम्ही गोळ्याभोवती चालत गुंडाळायची. किती फूट चढवली त्याची नोंद होते. फोटो काढून दोन मिनिटांत निघालात तर ही जागा खरोखरच कंटाळवाणी आहे; सुतळी हातात घेतली की गप्पा सुरू होतात आणि कोणाच्या शेतात यंदा काय झालं इथपर्यंत पोचतात. पदपथावर रंगवलेली सुतळीची रेघ धरून दुकानांच्या काचा बघत जा. जगप्रसिद्ध चित्रांच्या नकला लावल्यात आणि प्रत्येकीत कुठे ना कुठे हा गोळा घुसवलाय.

गावाच्या बाजूला मोठं तळं दिसतं, वाकोंडा लेक. इथे थोडं थांबा. या पाण्याखाली एक झरा आहे. सपाट माळावर चुन्याच्या थरांनी आपोआप तयार झालेला मोठा उंचवटा होता आणि त्याच्या डोक्यावर खाऱ्या पाण्याचं गोल कुंड होतं. पॉनी, कॉ आणि माळावरच्या इतर अनेक जमातींसाठी ती पवित्र जागा होती, लोक लांबून येऊन पाण्यात वस्तू अर्पण करत. गोरे वसाहतकरी आल्यावर त्याच्याशेजारी आरोग्यधाम निघालं, पाणी बाटल्यांत भरून औषध म्हणून विकलं गेलं. ग्लेन एल्डर धरण झालं तेव्हा १९६०च्या दशकात आरोग्यधाम पाडलं, मलबा त्या कुंडात ढकलला आणि वर पाणी भरलं. स्टेट पार्कमध्ये झऱ्याची एक प्रतिकृती करून ठेवलेली आहे.

झऱ्याबद्दल जी दंतकथा ऐकायला मिळते ती वाकोंडा नावाच्या राजकन्येची: शत्रू जमातीच्या तरुणावर प्रेम, युद्ध, तो कुंडात पडला, तिने मागोमाग उडी घेतली. ही कथा ऐकताना जरा सावध राहा. अमेरिकेत ज्या ज्या उंच कड्यावर आणि खोल पाण्यावर मूलनिवासींची वस्ती होती तिथे तिथे अशी एक राजकन्या उडी मारते आणि ती सांगणारे बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातले गोरे लेखक असतात. झरा पवित्र होता हे खरं. राजकन्येचं तसं सांगता येत नाही.

हा विषय मनात राहिला तर परतीच्या वाटेवर कौन्सिल ग्रोव्हजवळच्या अलेगावाहो स्मारक उद्यानात जा. ज्या कॉ (कान्सा) लोकांवरून राज्याला नाव मिळालं त्यांची २८ टनी लाल शिळा तिथे आहे. १९२९ मध्ये ती उचलून लॉरेन्सला नेली होती आणि तिच्यावर गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या कौतुकाची पाटी ठोकली होती. बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर २०२४ मध्ये ती कॉ राष्ट्राच्या जमिनीवर परत आली. तिथे जाल तर शिळेला हात लावू नका, चढू नका.

कॉकर सिटीच्या पश्चिमेला लेबनन. मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांचा भौगोलिक मध्य म्हणून इथे एक दगडी खांब, झेंडा आणि जेमतेम काही माणसं मावतील एवढं चॅपल आहे. १९१८ मध्ये हा मध्य कसा काढला? पुठ्ठ्यावर देशाचा नकाशा कापून तो एका टोकावर तोलून. खरा बिंदू जवळच्या एका शेतात पडतो. शेतकऱ्याला शेतात पर्यटक नको होते, म्हणून खांब अलीकडे रस्त्यालगत रोवला. पाच मिनिटं पुरतात.

पायरी पाचवी: खडूच्या भिंती

चार दिवसांच्या या आराखड्यात तिसऱ्या दिवशी हेजला या आणि स्टर्नबर्ग संग्रहालय बघा. तिथे ‘माशातला मासा’ आहे: चौदा फुटी मासा, पोटात अख्खा गिळलेला सहा फुटी मासा, दोघंही तसेच जीवाश्म झालेले. मोठ्याला घास पचला नाही आणि तोही मेला असा अंदाज आहे. आज जिथे गव्हाची शेतं आहेत तिथे आठ-साडेआठ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता, हे इथे पटतं आणि पुढचं दृश्य त्यानंतरच कळतं.

ओकलीहून दक्षिणेला यूएस-८३ ने जाऊन आत मातीच्या रस्त्याने मॉन्युमेंट रॉक्स गाठायचे. सत्तर फुटांपर्यंत उंच खडूच्या भिंती आणि कमानी माळावर एकदम उभ्या राहतात. जागा खासगी शेतकऱ्याची आहे आणि त्याने लोकांना यायला मोकळीक दिलेली आहे. ती टिकायची असेल तर नियम साधे: चढायचं नाही, नावं कोरायची नाहीत, जीवाश्म उचलायचे नाहीत, अंधार पडल्यावर थांबायचं नाही. शौचालय नाही, पाणी नाही, सावली भिंतीची तेवढीच. खडू इतका मऊ आहे की नखानेही कोरला जातो, आणि म्हणूनच लोकांचे हात शिवशिवतात.

तिथून जवळच लिटल जेरुसलेम आहे, २०१९ मध्ये खुलं झालेलं स्टेट पार्क. इथल्या घळी शंभर फूट खोल. गाडीमागे थोडं शुल्क लागतं. कडेवरून बघायची वाट सोपी आहे, आत उतरायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर वयस्करांबरोबर लिटल जेरुसलेम, एकट्याने किंवा मित्रांबरोबर मॉन्युमेंट रॉक्स.

गुडलंडचा ऐंशी फुटी चित्रफलक, वर व्हॅन गॉगची सूर्यफुलं, फक्त कोलोराडोला जाता-येता बघा. मुद्दाम तिथवर जाण्याची गरज नाही. लक्षात ठेवा, गुडलंडची कौंटी आणि सीमेवरच्या आणखी तीन कौंट्या माउंटन टाइमवर चालतात, फोनचं घड्याळ गुपचूप एक तास मागे जातं. रेस्टॉरंटची वेळ चुकते ती इथे.

पायरी सहावी: भुतांच्या जागा, पण पद्धतशीर

विद्यापीठात पाय ठेवला की महिनाभरात कोणीतरी स्टलची गोष्ट सांगेल. लॉरेन्सच्या पश्चिमेला दहाएक मैलांवर स्टल नावाची इवलीशी वस्ती, तिथली दफनभूमी म्हणजे नरकाच्या सात दारांपैकी एक. हॅलोवीनच्या रात्री सैतान येतो. पडक्या चर्चला छप्पर नसूनही आत पाऊस पडत नाही, भिंतीवर बाटली मारली तर फुटत नाही. पोपनी आपलं विमान या भागावरून नेऊ दिलं नाही. ही शेवटची तर निव्वळ कंडी आहे.

नोव्हेंबर १९७४ मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात या आख्यायिकेवर लेख आला आणि तिथून ती पसरली. गावातल्या जुन्या लोकांनी त्याआधी असलं काही ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून दर हॅलोवीनला दारू प्यायलेल्या पोरांच्या झुंडी यायला लागल्या, दगड फुटले, कबरी मोडल्या. चर्च २००२ मध्ये पाडलं गेलं. दफनभूमी आजही वापरात आहे, तिथे लोकांचे आईवडील पुरलेले आहेत. रात्री आत शिरणाऱ्यांना शेरीफचे लोक पकडतात, दंड होतो. विद्यार्थी व्हिसावर असाल तर ‘ट्रेसपासिंग’ची नोंद ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. स्टलला जाऊ नका. गोष्ट घरी बसून सांगा, ती तशीही रंगते.

कुठल्याही भुताच्या जागी जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची आहे? ज्या मेलेल्या माणसाची गोष्ट सांगतात ते खरं होतं का, त्याचे वंशज जवळपास आहेत का? आणि गोष्ट पहिल्यांदा छापली कधी?

या कसोटीवर हेजची ‘निळ्या दिव्याची बाई’ चांगली उतरते. एलिझाबेथ पॉली, फोर्ट हेजच्या लष्करी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याची बायको. १८६७ च्या पटकीच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता तीच गेली असं सांगतात. आवडत्या टेकडीवर पुरा अशी तिची इच्छा होती. नंतर तिथे निळ्या कपड्यातली बाई, निळा उजेड दिसल्याच्या गोष्टी पसरल्या. टेकडीकडे रात्री भटकू नका. गावात तिच्या नावाचं उद्यान आहे, त्यात पीट फेल्टन या स्थानिक शिल्पकाराने चुनखडकात कोरलेला तिचा पुतळा आहे. तो दिवसाही बघता येतो, संध्याकाळी अधिक चांगला वाटतो.

राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली बेंडर कुटुंबाची गोष्ट मात्र भुताची नाही, तरी सगळ्यात भयानक. १८७१ च्या सुमारास चौघांच्या या कुटुंबाने वाटसरूंसाठी खानावळ काढली. मुलगी केट आत्म्यांशी बोलते अशी जाहिरात करायची. गिऱ्हाइकाला पडद्याला पाठ करून बसवायचं आणि पडद्यामागून हातोडा घालायचा. १८७३ मध्ये एका डॉक्टरचा शोध सुरू झाला तेव्हा कुटुंब पसार झालं आणि मागच्या बागेत प्रेतं सापडली. बेंडर मात्र कधीच सापडले नाहीत. खानावळ शिल्लक नाही. चेरीव्हेलच्या संग्रहालयात हातोडे ठेवले आहेत, तेवढ्यासाठी तिथवर जायचं की नाही हे तुमच्या पोटावर अवलंबून.

हचिन्सनजवळच्या वाळूच्या टेकड्यांतला ‘हॅम्बर्गर मॅन’, जो भटक्यांना धरून खिमा करतो, तो कॉलेजच्या पोरांच्या शेकोटीपुरता आहे.

पायरी सातवी: दक्षिणेकडून परत

ओकलीहून खाली तीनेक तासांवर ग्रीन्सबर्ग. १८८७-८८ मध्ये हाताने खणलेली १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद विहीर इथे आहे. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्यांना आकाराचं नवल वाटणार नाही, पण या विहिरीवरचं संग्रहालय बघा. ४ मे २००७ च्या रात्री टोर्नेडोने जवळजवळ सगळं गाव पुसून टाकलं. नंतर गावाने पवनऊर्जेवर चालणारं, कमी ऊर्जेच्या इमारतींचं नवं गाव उभारलं.

याच संग्रहालयात हजार पौंडांची उल्का आहे आणि तिच्यामागे एलायझा किंबर्लीची गोष्ट. १८८०च्या दशकात ही शेतकरीण नांगराला लागणारे काळे जड दगड घराशेजारी रचून ठेवायची. बिनदगडी माळावर दगड कुठून आले, हे आकाशातून पडलेत, असं तिचं म्हणणं. नवरा आणि शेजारी हसायचे. ती वर्षानुवर्षं तज्ज्ञांना पत्रं लिहीत राहिली. शेवटी १८९० मध्ये टोपीकाच्या वॉशबर्न कॉलेजातला प्राध्यापक आला, दगड बघितले आणि पैसे मोजून घेऊन गेला. त्या पैशातून शेतीला हातभार लागला. संग्रहालयातली मोठी उल्का नंतर, १९४९ मध्ये त्याच परिसरात निघाली.

शेवटचा थांबा हचिन्सनची स्ट्राटाका मिठाची खाण, ६५० फूट खाली. लिफ्ट पूर्ण अंधारात उतरते, हे मुलांना आधी सांगा. खाली वर्षभर वीस अंशांच्या आसपास तापमान असतं. त्याच पोकळीत चित्रपटांच्या मूळ फिल्म जपून ठेवलेल्या आहेत, कारण तिथे दमट हवा नाही. शेवटी एक मिठाचा खडा उचलून नेता येतो. तिकीट आधी काढा, आणि बंद बूट घाला.

खाणं, मुक्काम आणि वेळ कमी असेल तर

शाकाहारी असाल तर लहान गावात ग्रिल्ड चीज, तळलेल्या फोडी आणि पाय यांवर दिवस काढावा लागतो. पश्चिमेला बिएरॉक मिळतात, व्होल्गाकाठच्या जर्मनांनी आणलेले भरलेले पाव. आत बहुधा गोमांस आणि कोबी असतो, विचारूनच घ्या. डब्यात ठेपले, चटणी, लोणचं घेऊन निघणारे सुखी राहतात. केसीजसारख्या पेट्रोलपंपावरचा चीज पिझ्झा अडल्या वेळी बरा. रविवारी दुपारनंतर लहान गावातलं जेवण मिळेलच यावर विसंबू नका. मुक्कामाला सलायना, हेज आणि हचिन्सन सोयीचे. हरणांच्या आणि तितरांच्या शिकारीच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पश्चिमेतल्या खोल्या आधीच भरलेल्या असतात.

हे सगळं चार दिवसांत बसतं. दोनच दिवस असतील तर पश्चिम सोडा: पहिल्या दिवशी लिंड्सबर्ग आणि रॉक सिटी करून सलायनाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लुकस, कॉकर सिटी आणि परत. एकच दिवस असेल तर सकाळी सहाला निघून थेट लुकस गाठा, बाग उघडायच्या वेळी तिथे असा, आणि उजेड असेपर्यंत परतीला लागा. अंधार पडल्यावर रस्त्यावर हरणं येतात.